विटेच्या भोकातलं यीस्ट

चि. मनू,


परवा फोनवर म्हणालीस, “मामा, विटेच्या तुकड्यांवर यीस्ट मस्त बसलंय.” बसलंय हे कशावरून ठरवलंस? फ्लास्कमधल्या पाण्याचा गढूळपणा कमी झाला, एवढ्यावरून असेल तर थांब. यीस्ट तळाशी बसलं तरी पाणी निवळतं. माझी फजिती उलटी झाली होती. डिस्टिलरीच्या लॅबमध्ये विटेच्या तुकड्यांचा पहिला कॉलम भरला, तेव्हा खालून येणारं पाणी रोज गढूळ. यीस्ट निसटतंय असं समजून दोन आठवडे त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर अर्ध्याहून जास्त विटेची धूळ! तेव्हा तुकडे पाणी नितळ येईपर्यंत धू, वाळव, मगच वापर. आणि मोजायचं ते हिमोसायटोमीटरवर, मिथिलीन ब्ल्यू टाकून. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत रंगहीन राहतात. डोळे दुखतील, पण धूळ आणि पेशी यांतला फरक कळेल.

वीट निवडताना ठोकून बघ. भट्टीत जास्त भाजलेली खंगर वीट काचेसारखी वाजते. तिची भोकं वितळून बुजलेली असतात. कच्ची असेल तर आठवड्यात चिखल होईल. मधली घे, आणि तुकडे हरभऱ्याएवढे कर, डाळीएवढे नको; का ते पुढे सांगतो.

तुझ्या अहवालात विटेच्या पृष्ठफळाचा आकडा मोठा दिमाखात लिहिला आहेस. तो नायट्रोजन वायू वापरून काढलेला ना? नायट्रोजनचा रेणू कुठेही शिरतो. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची. तिला भोकाचं तोंड निदान तिच्या काही पट रुंद लागतं, शिवाय आत अंकुर फुटायला जागा. बारीक भोकांनी वाढलेलं पृष्ठफळ तिच्या काय कामाचं? दारातून आत जाता येत नसेल तर वाडा कितीही मोठा असो. त्या आकड्याशेजारी भोकांचे आकारही दे.

आता खरी गोष्ट. बसलेलं यीस्ट मोजलंस, अल्कोहोल मोजलंस आणि दोन्हींची सांगड घातलीस. पण कॉलममधल्या द्रवात मोकळं यीस्टही पोहत असतं, आणि ताजं असल्यामुळे कधी कधी तेच जास्त राबतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या द्रवातल्या पेशी सेंट्रिफ्यूजने वेगळ्या कर, तेवढ्याच पेशी तितक्याच साखरेच्या फ्लास्कमध्ये सोड आणि एकट्या किती अल्कोहोल करतात ते बघ. नंतर पंपाचा वेग इतका वाढव की मोकळ्या पेशींना वाढून पुरं पडता येणार नाही, त्या वाहूनच जातील. त्यानंतरही अल्कोहोल टिकून राहिलं, तर ते विटेवरच्यांचं काम. यीस्टविना नुसत्या विटेचा एक कॉलमही शेजारी चालव. या तीन गोष्टींशिवाय तुझा आलेख मी तरी मानणार नाही.

तुकडे हरभऱ्याएवढे का, तर गॅस. शंभर ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं की सुमारे ५१ ग्रॅम अल्कोहोल आणि ४९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तो गॅस खोलीच्या तापमानाला सत्तावीस लिटरांच्या आसपास भरतो. बारीक तुकड्यांत बुडबुडे अडकतात, द्रव आडवाट काढून निघून जातो आणि अर्धा कॉलम उपाशी राहतो. द्रव खालून वर सोड, वर गॅसला मोकळी वाट ठेव. यीस्ट कोंडतात त्या अल्जिनेटच्या साबुदाण्यांचं मी बोलत नाही. फॉस्फेटने ते मऊ पडतात, गॅसने फुटतात.

निष्कर्षात ‘मळीसाठी उपयुक्त’ असं मात्र लिहू नकोस. (शेतकरी प्रेसमडलाही मळीच म्हणतात, मी मोलॅसिसबद्दल बोलतोय.) तू चालवलंस शुद्ध ग्लुकोजवर. मळीत गाळ असतो, कॅल्शियमचे क्षार असतात. ते भोकांत जाऊन बसतात, पाठोपाठ जिवाणूही घर करतात आणि आंबणारा द्रव (वॉश) आंबट होतो. टाकी धुता येते, विटेचं पोट कसं धुणार? शिवाय यीस्ट सेंट्रिफ्यूज करून पुन्हा टाकीत सोडायची पद्धत कारखान्यांना आधीपासून येते. तुझ्या विटेची स्पर्धा तिच्याशी आहे. फिनलंडच्या सिनेब्रिखॉफ ब्रुअरीत बिअर मुरवायला बसवलेलं यीस्ट चाललं, आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण तिथे मुख्य आंबवण आधीच झालेलं, यीस्ट काढून घेतलेलं, द्रव निवळ, गॅस नगण्य. आपल्या मळीत यातलं काय आहे, ते तूच लिही.

मामीने परसातली घोसाळी वेलावरच वाळत ठेवली आहेत. दिवाळीला येशील तेव्हा यीस्ट बसवायला सात-आठ ने. साल काढ, बिया झटक, दोन-तीनदा उकळून पाणी फेक. विटेपेक्षा जाळी मोकळी, गॅस सहज सुटेल असं मला वाटतं. येताना तुझी वीटही आण, ठोकून बघू.

तुझा,
मामा