हेल्थ टॉकचे गुण

नर्सिंगच्या विद्यार्थिनींचं कम्युनिटी पोस्टिंग ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना लेसन प्लॅनचा तक्ता चांगलाच माहीत असतो. वेळ, उद्दिष्ट, आशय, कृती, साधनं, मूल्यमापन. मग चार्ट रंगवायचा, फ्लॅशकार्डं करायची आणि मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर किंवा अंधेरीच्या एखाद्या गल्लीत दहा-बारा बायका गोळा करून वीस मिनिटं बोलायचं. मॅडम मागे उभ्या राहून गुण देतात. आवाज पोहोचला का, मागच्या बाईला अक्षरं दिसली का, शेवटी प्रश्न विचारले का. बायका उत्तरंही बिनचूक देतात. जुन्या वस्तीत त्यांनी असे टॉक दरवर्षी ऐकलेले असतात. चार्ट गुंडाळल्यावर घरात काय बदललं, याला मात्र तक्त्यात रकाना नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आपण नर्सला सांगायला शिकवतो आणि गुणही सांगण्याचेच देतो. विचारणं, परत जाणं आणि सल्ला फसला तर तो बदलणं, हा सार्वजनिक आरोग्याचा खरा अभ्यास. तो विद्यार्थिनीच्या मर्जीवर सोडलेला आहे.

डेंग्यूचंच घ्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाण्याची भांडी रिकामी करा, हा संदेश शास्त्राला धरून आहे. एडिस डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं चक्र. पण घाटकोपरच्या डोंगरउतारावर जिथे नळाला ठरावीक वेळेपुरतंच पाणी येतं, दाब कमी म्हणून मोटर लावावी लागते आणि वरच्या घरांपर्यंत हंडे चढवावे लागतात, तिथे भरलेलं पिंप ओतून द्या म्हणणं हा विनोद आहे. बाई तोंडावर हसत नाही, हा तिचा चांगुलपणा.

हीच विद्यार्थिनी आधी विचारती झाली तर? पाणी कधी येतं, पिंप कधी तळाला जातं, भरतं कोण. उत्तरातूनच सल्ला निघतो. पाणी यायच्या थोडं आधी पिंप जवळपास रिकामं असतं. तेव्हाच ते आतून घासायचं. घासायचं अशासाठी की एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसतं ओतून ती जात नाहीत. मग भरलं की जुन्या साडीचं फडकं ताणून बांधायचं. एक थेंबही वाया जात नाही. शास्त्र तेच राहिलं, फक्त ते नळाच्या वेळेला जोडलं गेलं. आणि ही वेळ पाठ्यपुस्तकात असूच शकत नाही, ती गल्लीगणिक बदलते.

याच पिंपामागे आणखी एक गोष्ट आहे. 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांना महापालिका अधिकृत नळजोडणी देत नव्हती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचं धोरण यायला 2022 उजाडलं. डेंग्यूचा पाठ घेणाऱ्या किती विद्यार्थिनींना हे शिकवलं जातं? ज्या घरात नळच नाही तिथल्या पिंपाला दोष देण्याआधी ते माहीत हवं.

क्षयरोगाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने अवघड. घरभेटीला पांढरा गणवेश, खांद्याला कम्युनिटी बॅग. आत गेल्यावर वर्तमानपत्र अंथरून बॅग ठेवायची, हात धुवायचे, मग बाकीचं. निर्जंतुकतेच्या दृष्टीने हे सगळं योग्यच आहे. पण हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्लीत गणवेश दारात थांबला की दहा घरांना कळतं. नव्या सुनेचं औषध सासरी लपवलेलं असेल, तर त्या भेटीने तिचं नुकसानच व्हायचं. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आता महिना 1000 रुपये मिळतात; ते बँक खात्यात येतात, आणि खातं कोणाच्या ताब्यात आहे हे कुटुंबाच्या नोंदींच्या फॅमिली फोल्डरमध्ये लिहिलेलं नसतं.

हे सगळं ज्या बाईला ठाऊक असतं ती विद्यार्थिनीच्या पुढे चालत असते. महापालिकेच्या हेल्थ पोस्टची आरोग्य सेविका. बहुधा ती त्याच भागात राहते, पोलिओच्या डोसापासून सर्वेक्षणापर्यंत सगळं करते, आणि मानधनासाठी तिला वारंवार आंदोलन करावं लागलं आहे. पोस्टिंगमध्ये तिचं काम घरं दाखवण्याचं. गुणपत्रिकेवर तिची सही नसते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं तेव्हा खेड्यांत प्रशिक्षित नर्सच ठेवायचा बेत होता. तो जमला नाही. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून घडवलं. त्या नियमाने जामखेडला जमायच्या, आणि शिकण्याचा मोठा भाग एकमेकींच्या अनुभवातून व्हायचा. तिथे नर्स वगळली गेली नाही; तिचं काम बदललं, ती त्या बायकांच्या पाठीशी उभी राहणारी झाली.

अर्थात चर्चेवर भाबडा विश्वास ठेवण्यातही अर्थ नाही. नेपाळच्या मकवानपूरमध्ये महिला गटांच्या बैठकांनंतर नवजात मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्नेहा’ संस्थेने त्या धर्तीवर मुंबईतल्या 48 वस्त्यांत प्रयोग केला, त्यात अंधेरी पश्चिमेचा के पश्चिम विभागही होता. 2012 मध्ये निष्कर्ष आले: गटांमुळे बाळांचे मृत्यू घटले असं दिसलं नाही. मकवानपूरला बाळंतपणं घरी होत होती, इथे बहुतेक आधीच रुग्णालयात. उपनगरातल्या बाईला रुग्णालयात जायला पटवण्याची गरज फारशी नव्हती. ती पोहोचल्यावर तिथे काय होतं, हा प्रश्न वेगळा, आणि तो बैठकीत सुटणारा नाही. अपयशाचा अहवाल इतक्या प्रामाणिकपणे छापला, याचं मला कौतुक वाटतं. नर्सिंगच्या वर्गात तो वाचायला द्यावा.

म्हणून विचारण्याच्या पुढची पायरीही शिकवायला हवी: दार कुठलं ठोठावायचं. घाटकोपर महापालिकेच्या एन विभागात येतं, मुलुंड टी मध्ये, बोरिवली आर मध्य मध्ये. कीटकनाशक विभाग कोणता, जलखात्याकडे तक्रार कशी करायची, क्षयरोग अधिकारी कुठे बसतात, हे औषधाच्या मात्रेइतकंच नर्सला पाठ हवं.

चार्टच नको, असं मी म्हणत नाही. गावाहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी पहिल्यांदा अनोळखी बायकांसमोर उभी राहते तेव्हा हातातल्या चार्टचाच तिला आधार असतो. शिवाय पुस्तकं इंग्रजीत, वस्तीतलं बोलणं मराठी, हिंदी, भोजपुरीत. चित्र दोघींनाही सोयीचं. विद्यार्थिनींच्या संख्येपुढे शिक्षक कमी पडतात, हेही खरंच. पण वाट निघते. 2021-22 पासून बी.एस्सी. नर्सिंगला सेमिस्टर आलं. कम्युनिटी हेल्थ पाचव्या आणि सातव्या सेमिस्टरला. मधे एक अख्खं सेमिस्टर जातं. तीच चार-पाच कुटुंबं दोन्ही वेळेला त्याच विद्यार्थिनीकडे ठेवली, तर तिला आपल्या सल्ल्याचं काय झालं ते निदान दिसेल तरी. अंतर्गत गुण कॉलेजच्याच हातात असतात. लॉगबुकात दोन रकाने वाढवता येतील, घरच्यांनी काय विचारलं आणि पुढच्या भेटीत काय आढळलं. शेजारी आरोग्य सेविकेची सही, आणि त्या शिकवण्याचं तिला वेगळं मानधन. शेवटची अट सगळ्यात आधी गाळली जाईल, अशी माझी शंका आहे.