वाट कुणी झाडायची?

मागच्या जयंतीच्या आधीची गोष्ट. विहारात मंडळाची बैठक भरली होती. एकाने सुचवलं, यंदा डीजेचा खर्च कमी करू आणि चौदा एप्रिलच्या सकाळी तळ्याकाठचा फिरायचा रस्ता साफ करू. वीस-पंचवीस पोरं आणि तेवढेच झाडू. त्यानं दाखलाही दिला. म्हणाला, सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून उभा केला असं सगळं सोलापूर सांगतं, मग आपण एक सकाळ द्यायला काय हरकत आहे?

दुसरा मित्र ताडकन उठला. "कशाला घ्यालास बे परत झाडू हातात? आज्यानं टाकला म्हणून तू शिकलास. आन् जयंतीच्या दिवशी तोच झाडू?"

बैठक तिथंच मोडली. मी स्वतःला कवी म्हणवतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दोघंही मला खरे वाटत होते. नंतर रातपाळीला तुटलेले धागे जोडता जोडता जो विचार केला तो इथं मांडतो. नाही पटला तर पुढच्या अंकात झोडा.

आधी रस्ता कसा आहे ते सांगतो. तळ्याचं नाव घेत नाही, कारण असे रस्ते गावोगाव आहेत. पेव्हर ब्लॉक उखडलेले. निम्मे दिवे बंद. बाकड्यांच्या फळ्या गायब. कडेला गुटख्याच्या पुड्या, बाटल्या. संडासाला कुलूप. रातपाळी सुटल्यावर मी याच रस्त्यानं घरी येतो. तेव्हा तिथं डॉक्टर, वकील, पेन्शनर फिरत असतात. आणि आपली पोरंही असतात. पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर धावावं लागतं, पोरींना आठशे. क्लबाची फी कुणाच्या बापाला परवडते? तो फुटका रस्ताच त्यांचं मैदान. उखडलेल्या ब्लॉकवर पाय मुरगळला की त्या वर्षाची भरती गेली. म्हणून फिरायचा रस्ता ही पोट भरलेल्यांची चैन आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही.

गिरणीतला एक जोडीदार मला म्हणतो, आपण रात्रभर मशिनीपुढं चालतोच की, परत फिरायला कशाला जायचं? मी म्हणतो, ते चालणं मुकादमाच्या नजरेखालचं. आपल्या मर्जीनं, काही काम नसताना, सार्वजनिक जागेत पाय टाकणं वेगळं. आपल्या माणसांना नेमकं तेच नाकारलं होतं. याच सोलापुरात सेटलमेंट होती. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढं मुंबई इलाख्यालाही लागला आणि माणसं तारेच्या कुंपणात आली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. तोवर नुसतं चालणं हा त्यांच्यासाठी गुन्हा होता.

आणि झाडूचं काय? पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधून चालायचं, आपल्या पावलाची धूळ आपणच पुसत जायची, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं आहे. सार्वजनिक रस्त्याच्या देखभालीची आपल्यावर टाकलेली जबाबदारी ही अशी होती. रस्ता वापरल्याची खूणसुद्धा राहता कामा नये. गावात महारानं वेस राखायची, चावडी झाडायची, परक्याला वाट दाखवायची. वाट राखणारा एक आणि वाटेचा मालक दुसरा. ज्यानं राखायचं त्याला हक्क नाही, ज्याला हक्क आहे त्यानं कधी झाडू उचलायचा नाही. मला वाटतं, जात म्हणजे काय हे समजायला एवढं पुरे.

आता कायद्याकडं पाहू. मी कॉलेजात गेलो नाही, पण संविधान बोट ठेवून वाचलं आहे. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला. त्यात सगळी पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या करा असं आहे, पण कोणत्या? ज्या सार्वजनिक पैशातून बांधल्या आणि राखल्या जातात त्या. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं ते कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथलं पाणी प्याले तेव्हा तो कागद जिवंत झाला. मग सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं शुद्ध केलं. त्यांच्या लेखी तीही तळ्याची निगाच! पुढं ते कोर्टात गेले. म्हणाले, हे तळं सार्वजनिक नाहीच. १९३७ साली मुंबई हायकोर्टात हरले. संविधानाचं १५ वं कलम वाचा. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या येण्या-जाण्याच्या जागा आहेत, आणि तिथंही तीच खूण: ज्या पूर्णपणे किंवा काही अंशी सरकारी पैशानं राखल्या जातात, किंवा ज्या सर्वांसाठी दिल्या आहेत.

म्हणजे आपल्या हक्काच्या मुळाशीच देखभाल हा शब्द आहे. जागा सर्वांच्या पैशानं राखली जाते, म्हणून ती सर्वांची. उद्या कुणी म्हणालं की महापालिकेला झेपत नाही, हा रस्ता एखाद्या क्लबाला देऊ, तो गेट लावील, पास काढील, चकाचक ठेवील, तर सावध राहा. देखभाल हातातून गेली की हक्कही मागोमाग जातो.

ही जबाबदारी कुणाची, यावर मला तीन उत्तरं मिळाली.

पहिलं, महापालिकेची. खरं आहे. पण १९४९ च्या महापालिका कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत. झाडलोट, गटार, दिवे ही करावीच लागणारी कामं. बागा आणि मैदानं दुसऱ्या यादीत, म्हणजे जमलं तर करायची. त्यामुळं पैसा कमी पडला की पहिली कात्री बागेला लागते. मागणाऱ्यानं मागत राहिलं नाही तर हे असंच चालणार.

दुसरं, सगळ्यांची. हे ऐकायला फार गोड लागतं. पण आपल्या देशात सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, आणि जे कुणाचंच नाही ते शेवटी आपल्याच वस्तीतल्या बाईच्या पदरात पडतं.

तिसरं, श्रमदानाची. याचं उत्तर मला रस्ता झाडणाऱ्या मावशीनं दिलं. ठेकेदाराकडं रोजावर आहेत. एका पहाटे मी त्यांना विचारलं, "मावशी, आम्ही पोरं येऊन एक दिवस झाडलं तर?" त्या झाडता झाडताच म्हणाल्या, "झाडा की लेकरा. मागं एकदा मोठी माणसं आलती, हातमोजे घालून. फोटो काढले. मुकादम मला म्हणला, आज झाडून झालंय, जा घरी. त्या दिवसाची हजेरी गेली माझी."

मी घरी आलो, पण डोळा लागला नाही. एकाच्या पुण्यानं दुसऱ्याचा रोज बुडतो, आणि वर्तमानपत्रात फोटो पुण्यवानाचा येतो.

मग झाडू घ्यायचाच नाही म्हणणारा मित्र बरोबर? अर्धा. लादलेला झाडू आपण टाकला हे बरोबरच केलं. त्याशिवाय सुटका नव्हती. पण हाच मित्र त्याच रस्त्यावर गुटख्याची पुडी टाकतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि खोटं कशाला बोलू, चहाचा कागदी कप मीही टाकला आहे. टाकताना मनात काय असतं? कुणीतरी उचलील. हा कुणीतरी कोण असतो? आपण झाडू टाकला आणि दुसरा माणूस आपल्यासाठी महार केला. घाण करणारा वेगळा, काढणारा वेगळा, हीच तर मनूची वाटणी. ती डोक्यात ठेवून गळ्यात निळा गमछा घालता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. सार्वजनिक रस्ता राखणं हे मजुरीचं काम आहे. ते करणाऱ्याला कायद्याप्रमाणं पगार, हातमोजे, बूट, रजा आणि कायम नोकरी मिळाली पाहिजे, आणि ते एकाच जातीच्या वाट्याला येता कामा नये. ते फुकटात करून आपण त्याची किंमत पाडायची नाही. वापरणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे. एक, घाण करायची नाही. दोन, हिशेब मागायचा. २००५ चा माहितीचा कायदा आहे, दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठेका कितीचा, माणसं किती दाखवली, रोज किती दिला, हे कागदावर मागा. तीन, त्या रस्त्यावर आपल्या आयाबहिणींना घेऊन फिरायला जा. आणि कधी झाडू घेतलाच, तर मावशीची हजेरी आधी भरून घ्या, आणि तिथं फिरणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या हातातही झाडू द्या. ते आले नाहीत तर आपणही झाडायचं नाही.

त्या जयंतीला आम्ही झाडलं नाही. वही घेऊन अख्खा रस्ता चाललो, बंद दिवे आणि उखडलेले ब्लॉक लिहून काढले आणि माहितीचा अर्ज केला. झाडू नको म्हणणारा मित्र दिवे मोजायला आला होता. पुडीचा विषय मी काढला तेव्हा चिडला, पण त्यानं पुडी खिशात घातली. झाडूबद्दल तो अजून आपल्या मतावर ठाम आहे, आणि मी त्याला ओढणार नाही.

मावशीला मी म्हटलं, रविवारी नातीला घेऊन या, बाकड्यावर बसा. त्या हसल्या. म्हणाल्या, "काम नसताना तिथं मी कशाला येऊ रे? लोक काय म्हणतील?" काम उरकून त्या अजूनही बाहेरच्या सडकेनं घरी जातात. संविधान येऊन इतकी वर्षं झाली, आणि जो रस्ता त्या रोज झाडतात तो त्यांना आपला वाटत नाही. पुढच्या बैठकीत मला याच्यावर बोलायचं आहे. तुम्हीही विचार करून या.