पंगतीत कोण बसायचे राहिले?

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आम्हा धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "फादर, मला चांगलेचुंगले खायला फार आवडते. हा दोष म्हणायचा का?" विचारणारा बहुधा हसत विचारतो, परंतु त्या हसण्याच्या आड थोडी अस्वस्थता असते. आठवडाभर लोकलच्या गर्दीत उभ्याने मुंबई गाठणारा हा माणूस रविवारी मिस्सा आटोपल्यावर बाजारातून मासळी घेतो, घरी वाटण होते, दुपारी चार घास मनासारखे पोटात जातात आणि जगणे त्याला बरे वाटू लागते. कोणाला बढती मिळाली, मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, मित्राची पन्नाशी आली की मंडळी जमतात आणि हॉटेलात जाऊन आनंद साजरा करतात. एवढ्याशा सुखाचा हिशेब कोणी कोणाला का द्यावा, असे वाटेल. तरीही प्रश्न खरा आहे आणि 'छे, त्यात काय एवढे!' असे म्हणून त्याची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात अन्नाविषयी मोठ्या प्रांजळपणे लिहिले आहे. औषध घ्यावे तसे अन्न घ्यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. परंतु भुकेपासून तृप्तीपर्यंतच्या त्या छोट्या वाटेवर सुख दबा धरून बसलेले असते आणि गरज कोठे संपली व हौस कोठे सुरू झाली हे माणसाला कळत नाही, अशी त्यांची व्यथा होती. पुढे साडेआठशे वर्षांनी संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी निराळा सूर लावला. जीवन टिकविण्यासाठी जी कृत्ये आवश्यक आहेत त्यांना निसर्गानेच सुखाची जोड दिली आहे. तेव्हा त्या सुखाकडे इतकी पाठ फिरवायची की निसर्गाची गरजही भागू नये, हा सद्गुण नव्हे. या बधिरपणाला त्यांनी चक्क दुर्गुणांच्या यादीत बसविले. म्हणजे गरम भाकरीवर ठेवलेल्या कालवणाचा सुगंध ज्याला जाणवतच नाही, तो केवळ त्यामुळे साधू ठरत नाही.

मग खादाडपणा म्हणजे नेमके काय? पोप संत ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आणि अक्वायनस यांनी तेच पुढे स्वीकारले: वेळेआधी खाणे, महागडेच हवे असा हट्ट धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि अतिचोखंदळपणे खाणे. वाचकांनी लक्षात घ्यावे की या पाचांपैकी केवळ एकाचा संबंध ताटातील मापाशी आहे. 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी' म्हणणारा माणूस कदाचित चारच घास खात असेल. पण या यादीत त्याला जागा आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताच्या नियमांची नव्याने मांडणी केली तेव्हा नियमामागील वृत्तीवर भर दिला, तो याचसाठी. शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून त्याहून महाग पापलेट आणून त्यावर ताव मारणाऱ्याने नियम पाळलेला असतो. संयम पाळला की नाही, हे त्यानेच ठरवावे.

या यादीतील पहिला प्रकार मला अधिक विचार करावयास लावतो. वेळेआधी खाणे. नेमलेल्या वेळेपूर्वी, उपवास मोडून खाणे, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु संत पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचताना त्याला आणखी एक अर्थ लाभतो. करिंथचे श्रद्धावंत प्रभूभोजनासाठी एकत्र येत, पण त्या मेळाव्यात कोणी उपाशी राही तर कोणी पिऊन मस्त होई. कष्टकरी व दास दिवसभराचे काम उरकून उशिरा पोहोचत असावेत आणि तोवर सुखवस्तू मंडळींनी आपापल्या शिदोऱ्या फस्त केलेल्या असाव्यात, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. संत पौल त्यांच्यावर संतापतो. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, असे तो त्यांना सुनावतो. पण उपाय काय सुचवितो? चविष्ट खाऊ नका, असे तो म्हणत नाही. एकमेकांसाठी थांबा, एवढेच सांगतो. वेळेआधी खाणे म्हणजे घड्याळाच्या आधी खाणे एवढेच नव्हे; ज्याने आपल्याबरोबर बसावयास हवे तो येण्याआधी खाणे, असाही त्याचा अर्थ आहे. जेवणातील संयमाचा गाभा मला या थांबण्यात दिसतो.

हे थांबणे ज्यात आपोआप साधते असे एक जेवण आमच्या खरवईच्या परिसरात आजही होते. खरवईच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती उठत आहेत. तरी बदलापूर-कर्जतच्या पट्ट्यात जेथे थोडी शेती उरली आहे तेथे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत पोपटी लागते. रायगड जिल्ह्यात तिचा बोलबाला अधिक. पण उल्हास नदीच्या खोऱ्यालाही तिची तेवढीच ओढ आहे. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी असे थर देतात. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबून मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, सुके गवत, काटक्या रचून जाळ करतात. पाण्याचा वा तेलाचा थेंबही लागत नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यातच सारे शिजते. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले आणि चर्रकन आवाज आला की पोपटी झाली म्हणून समजावे.

या मेजवानीची नीती तिच्या रीतीतच आहे. कोणी पाला आणतो, कोणी शेंगा निवडतो, कोणी जाळ सांभाळतो. मडके मध्येच उघडता येत नाही, म्हणून अर्धा-पाऊण तास श्रीमंत-गरीब सारे सारखेच ताटकळतात. शाकाहारी मित्रासाठी निराळे मडके लावले जाते. पण शेकोटी एकच असते. मडके रिकामे झाले की त्या वाफाळत्या राशीभोवती सारे एकाच वेळी बसतात. रांधणारा आणि जेवणारा असा भेदच उरत नाही. वसईच्या गावांत मे महिन्याच्या उन्हात बाया एकत्र जमून वीसहून अधिक जिन्नसांचा बॉटल मसाला कांडीत, तेव्हाही हेच घडे. श्रम वाटलेले असत आणि म्हणून स्वादही वाटलेला असे.

आता याच्या शेजारी आपले घर ठेवून पाहू या. सणाच्या दिवशी इंड्याल आणि फुगे करणारी, पहाटेपासून चुलीपुढे उभी असलेली गृहिणी त्या जेवणात कोठे असते? घरभेटीस गेलो असता दिसणारे चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते. पुरुष आणि पाहुणे पहिल्या पंगतीला, मुले त्यांच्याबरोबर, आणि ती वाढावयास. "तूही बस ना," असे सारे म्हणतात. मात्र तिची वाट पाहत हात आवरून कोणी बसत नाही. गरम फुगा तिच्या हातून सुटून दुसऱ्याच्या ताटात पडतो. तिच्या वाट्याला येतो तो निवलेला. तिला विचारले तर ती म्हणेल, "मला त्यातच आनंद आहे." तिचा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही, प्रेमाला वाढण्यात सुख असतेच. परंतु दुसऱ्याच्या त्यागावर आपली सोय उभी असेल, तर त्याच्या आनंदाचा दाखला देऊन आपण मोकळे होऊ नये.

'बॅबेट्स फीस्ट' हा गॅब्रिएल ॲक्सेल यांचा १९८७ सालचा डॅनिश चित्रपट पोप फ्रान्सिस (१९३६–२०२५) यांच्या विशेष आवडीचा होता. कुटुंबातील प्रेमावरील २०१६ सालच्या आपल्या पत्रातही त्यांनी त्याचा उल्लेख केला. कॅरेन ब्लिक्सन यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. १८७१ च्या पॅरिसमधील रक्तपातातून निसटलेली एक स्वयंपाकीण दोन धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी आश्रयास राहते. तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात आणि ती ते सारे एका भोजनावर खर्च करते. जेवावयास आलेल्या म्हाताऱ्या भाविकांनी अन्नाविषयी अवाक्षरही काढायचे नाही, असे ठरविलेले असते. चव घेणे त्यांना पापाजवळचे वाटते. तरी त्या अन्नाने त्यांची मने विरघळतात आणि जुनी वैरे मिटतात. अन्नाच्या आनंदाचा इतका सुंदर गौरव क्वचितच कोणी केला असेल. परंतु पाहताना एक गोष्ट मनात राहते. बारा जण टेबलाभोवती बसतात आणि बॅबेट शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच असते.

म्हणूनच हॉटेलातील जेवणाला सरसकट उधळपट्टी म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. वर्षातून एकदा का होईना, ज्या जेवणात घरातील माता सर्वांबरोबर बसते, पहिला घास गरम खाते आणि नंतर भांड्यांकडे पाहावे लागत नाही, त्या जेवणाचे मोल केवळ बिलाच्या आकड्यावरून ठरवू नये. मात्र तेथेही पंगतीबाहेर माणसे असतातच. मोरीपाशी रात्री उशिरापर्यंत ताटे विसळणारा पोऱ्या कोणाचा तरी मुलगा आहे. त्याला आपल्या टेबलाशी बसविणे आपल्या हाती नाही. पण वेटरशी आदराने बोलणे, बंद होण्याच्या वेळेनंतर तासभर गप्पा न रेंगाळविणे, ताटात अर्धे अन्न न टाकणे हे तर आपल्या हाती आहे ना?

आणखी एक माणूस आपल्या डोळ्यांसमोरच पंगतीतून उठून जातो. मित्र जमतात, बिल येते आणि त्याचे समान भाग पडतात. हे न्याय्य दिसते. परंतु मंडळात एक जण कंत्राटी कामगार असतो. त्याने साधा डाळ-भात मागविलेला असतो आणि वाटा मात्र तंदुरीचा भरतो. तो काही बोलत नाही. पुढच्या वेळी त्याची रात्रपाळी असते, त्यापुढच्या वेळी त्याचे पोट बिघडलेले असते आणि वर्षभरात तो बोलावणेही टाळू लागतो. आपला मित्र आपण एका जेवणाच्या हिशेबात गमावला, हे बाकीच्यांच्या ध्यानातही येत नाही. काय खावे याआधी कोणाबरोबर खावे याचा विचार करावा, असे सांगणारा ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस खरे तर पाणी-भाकरीवर समाधानी होता. सुखलोलुप म्हणून त्याचे नाव जगाने उगीच बदनाम केले. त्याला हे दुखणे चटकन कळले असते.

पावसाळ्याच्या तोंडाशी आदिवासी भगिनी रानातून शेवळे आणि त्यांची खाज मोडणारी काकडे खुडून बदलापूरच्या बाजारात आणतात. दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करणारे आपण त्याच संध्याकाळी हॉटेलात शीतपेयाला कितीतरी अधिक रक्कम हसत मोजतो. ती भाजी कोणी तरी डोंगर चढून आणली, हे चव घेताना आठवले तर चव कमी होत नाही. उलट ती खोल जाते.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. जगात उपाशी माणसे असंख्य आहेत. सर्वांसाठी थांबायचे ठरविले तर कोणाला एक घासही घेता येणार नाही. हे मान्य. म्हणून मला वाटते, प्रत्येक जेवण आपल्याला काही ठराविक माणसांशी बांधते: ज्यांनी पिकविले, ज्यांनी रांधले, जे वाढतात, ज्यांना बोलावले आणि जे येऊ शकले नाहीत. निदान त्यांचे देणे आपल्यावर आहे. याखेरीज कधी कधी अनोळखी माणूसच दाराशी येतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. सुमारे हजार प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढण्यात आले आणि बदलापुरात त्यांच्या खाण्यापिण्याची सोय करण्यात आली. त्या दिवशी येथील पंगत अशी एकाएकी लांबली. ज्यांना एरवी आपल्या पंगतीत जागा करण्याची सवय असते, त्यांना असा दिवस जड जात नाही.

प्रभू येशूला त्याच्या विरोधकांनी खादाड म्हणून हिणविले, कारण तो कोणाच्याही घरी जेवावयास बसत असे. त्याने तो आरोप कधी खोडून काढला नाही की मेजवान्याही सोडल्या नाहीत. योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटी तो तलावाच्या काठी कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून ठेवतो आणि रात्रभर जाळी ओढून रिकाम्या हातांनी थकलेल्या मित्रांना न्याहारीस बोलावतो. पुनरुत्थित प्रभू स्वतः चुलीपाशी आहे, आणि त्यांनी नुकतीच पकडलेली मासळीही तो त्यात मागून घेतो. बोलावणाऱ्याचेही काही आणि आलेल्यांचेही काही, असे ते जेवण आहे.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्या सद्गृहस्थाला माझे उत्तर असे: आपण चवीने जेवावे, मित्रांना जेवू घालावे, थंडी पडली की पोपटीही लावावी. यंदाच्या नाताळाला मात्र एवढे करावे: ताटे मांडून झाली की गॅस बंद करवून तिला आधी बसवावे, आणि ती बसेपर्यंत कोणी पहिला घास उचलू नये.