पाव किलोचा साक्षीदार

फिल्टर म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थेंब थेंब गळणारी वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. त्याआधीच्या पिढीत तेच काम नळाला बांधलेलं धुवट फडकं करीत असे. त्यामुळे भाऊबीजेला आम्हा उभयतांना सांगलीला न्यायला आलेला ताईचा नातू साताऱ्यात पाऊल टाकताच म्हणाला, "मामाआजोबा, नवे फिल्टर घेतले," तेव्हा मी सहज विचारलं, "किती लिटरचे?"

त्यानं खिशातून चुन्याच्या डबीपेक्षा जरा मोठी डबी काढली. आत नखाएवढ्या सहा काचा. त्या म्हणे त्याच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यावर बसवायच्या. ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम. आमच्या मंडईतही पाव किलो एवढंच भरतं, पण इथे त्यामागे कायदा होता. २०२१च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' ठरतो आणि तो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. कुठेही उडवावा असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. सरकारी नकाशात लाल, पिवळा, हिरवा असे प्रदेश आखलेले आहेत. काच निवडतानाही आधी वजन पाहायचं. कॅमेरा तोलून धरणाऱ्या मोटारी इतक्या नाजूक असतात, की भलत्याच मापाची जड काच लावली तर त्या संपावर जातात. म्हणून ज्या ड्रोनची काच त्यालाच. सोयरीक जमवताना आपण एवढं पाहत नाही.

काचा पाहिल्या आणि मी थक्क झालो. पाच काचा गॉगलसारख्या काळ्या! "अरे, नीट दिसावं म्हणून कॅमेरा घ्यायचा आणि त्याच्याच डोळ्यावर झापड बांधायची?"

"आजोबा, हे एनडी फिल्टर. चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. आठ नंबर प्रकाशाचा आठवा हिस्सा आत सोडतो, चौसष्ट नंबर चौसष्टावा. दुपारच्या उन्हात चौसष्ट, ढगाळ हवेला आठ-सोळा, संध्याकाळी चार किंवा काहीच नको. कातरवेळी काळी काच तशीच राहिली तर चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे येतात."

मी तीस वर्षं गणित शिकवलं. आकडे दिसले की मला राहवत नाही. हिशेब असा होता : त्याच्या भिंगाचं तोंड कायम एफ २.८ इतकं उघडं. ते लहानमोठं करायची सोय नाही. रणरणत्या उन्हात एक चित्र टिपायला सेकंदाचा ३२००वा भाग पुरतो. पण सेकंदाला २५ चित्रं घेणाऱ्या चलच्चित्रात प्रत्येक चित्राला सेकंदाचा ५०वा भाग मिळाला, तर हालचाल डोळ्यांना सहज वाटते, असा ठोकताळा आहे. ३२०० भागिले ६४ बरोबर ५०. बाकी शून्य! संसारात असा निःशेष भाग कधी गेल्याचं मला आठवत नाही.

तरी पटेना, म्हणून तो मला सज्जनगड-ठोसेघरच्या वाटेनं चाळकेवाडीच्या पठारावर घेऊन गेला. नकाशा पाहिला आणि पवनचक्क्यांपासून चांगलं अंतर राखून त्यानं ते पाखरू सोडलं. आधी काचेविना. चित्रात चक्कीचं पातं धारदार, स्पष्ट, पण कसं? अडखळत, उचक्या देत फिरणारं. मग काळी काच लावून. आता पात्याच्या कडा पुसट झाल्या आणि चक्की खरोखर फिरू लागली! भरपूर उजेडात जे खोटं वाटत होतं, ते थोड्या अंधारात खरं वाटायला लागलं. मी बैठकीत दोनदा 'वा' म्हटलं असतं, पण पठारावर ऐकायला कुणी नव्हतं.

"आणि ही सहावी?"

"ही पोलरायझर. पाण्यावरची, पानांवरची, रंगावरची झिलई कापते. पण ही फिरवून लावायची असते, आणि फिरवायची ती जमिनीवरच. एकदा वर गेल्यावर जे लावलं ते लावलं." माणसाच्या पूर्वग्रहांचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला निघालो. निघालो कृष्णाकाठाहून आणि पोचलोही कृष्णाकाठीच. आमच्या माहुलीला वेण्णा, पुढे कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन ती सांगलीला येते, तेव्हा माहेरची पोर सासरी जाऊन भारदस्त व्हावी तशी दिसते. १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी तिचं पाणी फुटांत मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या वडिलांच्या गावभागातल्या घरात शिरली. ताई-दाजी विश्रामबागेत राहतात. हे घर मोकळंच होतं. ते ताईच्या आणि माझ्या नावावर आहे आणि आता विकायचं ठरलं होतं. पुण्याचं एक गिऱ्हाईक होतं. आधी व्हिडिओ पाठवा, आवडलं तर येऊ, म्हणालं होतं.

दाजींनी नातवाला फर्मान काढलं, "नदी रेशमासारखी दिसली पाहिजे."

ती दिसलीही. काळ्या काचेतून ती इतकी सोज्वळ दिसली, की हिनं कधी कुणाच्या घरात पाऊल टाकलं असेल यावर विश्वास बसू नये. मग हौस म्हणून नातवानं सहावी काच लावली. ड्रोन घराभोवती फिरत फिरत मागच्या बाजूला तिरका झाला, आणि दाजींनी महापुरानंतर मोठ्या हौसेनं दिलेल्या ऑइलपेंटची झिलई एकदम नाहीशी झाली. रंगाखालून एक तपकिरी ओलसर रेघ वर आली होती. आडवी, सरळ, दाराच्या चौकटीच्याही हातभर वर. जवळून पाहणाऱ्यालाही ती चकाकीत दिसत नव्हती. पाव किलोच्या साक्षीदारानं ती वरून पाहिली.

"हा व्हिडिओ नको. पहिला पाठव," दाजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. दाजी शांतपणे म्हणाले, "मास्तर, पहिल्यात खोटं काय आहे? घर खरं, नदी खरी, रंग खरा. त्यानं विचारलं तर सांगूच की."

सांगायला लाज वाटते, पण मला उत्तर सुचेना. उलट दाजींच्या बाजूचेच मुद्दे सुचू लागले. काळी काच सगळ्या रंगांवर सारखी कात्री चालवते. ती तर नावाचीच तटस्थ! सहावी काच एका विशिष्ट दिशेनं कंप पावणारा प्रकाश तेवढा अडवते. दोघीही पदरचं काही घालत नाहीत. मग एक खरी आणि दुसरी खोटी कशी?

मला सी. व्ही. रामन आठवले. १९२१ साली ते 'नारकुंडा' बोटीनं युरोपातून परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मोठमोठे सांगत. रामन यांनी जवळच्या निकोल लोलकातून, म्हणजे या सहाव्या काचेच्या आजोबांतून, पाण्यावरची झिलई वगळून पाहिलं. समुद्र निळाच होता, उलट अधिकच गडद. निळाई पाण्याची स्वतःची निघाली. पण त्यांना समुद्र विकायचा नव्हता. पाहिलं ते त्यांनी छापून टाकलं. मला अर्धं घर विकायचं होतं.

रात्री सौ.ला सगळं सांगितलं. ती अंथरूण घालता घालता म्हणाली, "तुमच्या फोटोसारखंच की!"

१९८० साली तिच्याकडे पाठवलेल्या माझ्या फोटोत फोटोवाल्यानं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून माझ्या गालांवरचे देवीचे व्रण बुजवले होते. त्या काळी सगळेच तसं करीत.

"मग? तू व्रण पाहिलेस आणि तरी होकार दिलास ना?"

"व्रणांचं मला काहीच वाटलं नाही हो. फोटोचं वाटलं. लग्न होऊन वर्ष झालं तरी मनात यायचं, ह्यांनी आणखी काय काय बुजवलं असेल?"

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं. ती झोपली. मी जागाच.

उत्तर काचेत नव्हतंच. पवनचक्कीवर काळी काच लावली तेव्हा पाहणाऱ्याला जे दिसायला हवं तेच दिसलं, म्हणून ती खरी. तीच काच रेघ झाकण्यासाठी निवडली की खोटी. मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक नाही, आणि त्यानं विचारू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो आहे. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे? आणि एक रेघ झाकली, की घराची चांगली सागवानी तुळईसुद्धा संशयित ठरते.

सकाळी दोन्ही व्हिडिओ पाठवले आणि फोन करून पाणी कुठवर आलं होतं तेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "कळवतो."

त्यांनी अजून कळवलेलं नाही. घर अजून आमचंच आहे. दाजी चार दिवस माझ्याशी ताईमार्फत बोलत होते. पण परवा नातवानं एक फोटो पाठवला. दाजींनी मागच्या भिंतीवर पुन्हा रंग दिला नव्हता. उलट रेघेशेजारी, पुलावर फूट लिहितात तशा ठळक आकड्यांत, स्वतः ब्रशनं '२०१९' असं लिहिलं होतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणे आधी तिथेच नेतात आणि सांगतात, "हे आधी बघा. आमचे मेव्हणे सातारचे हरिश्चंद्र आहेत."