उसनी रसिकता

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास आज साधनांची वाण आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. ऑक्सफर्डच्या थोर कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला व ग्रंथ १९२८ सालीं पुरा झाला. त्यासाठीं असंख्य वाचकांनीं जुन्या पुस्तकांतील वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरून पाठविलीं होतीं. त्या परिश्रमाचें फळ आज संगणकावर मिळतें. १९७१ सालीं मायकेल हार्ट यानें अमेरिकेंत आरंभिलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गमुळें हजारों जुने ग्रंथ फुकट वाचावयास सांपडतात. तथापि साधनें वाढलीं त्या मानानें वाचन वाढलें काय, हा प्रश्न उरतोच.

कारण दुसऱ्याही एका जातीचीं साधनें वाढलीं आहेत. १९५८ सालीं अमेरिकेंत क्लिफ्टन हिलेगास यानें शेक्सपियरच्या १६ नाटकांवरील टिपणांच्या पुस्तिका विक्रीस काढल्या. आपल्याकडील 'गाइडां'चा प्रकार कोणास सांगावयास नको. आणि आतां तर संगणकास प्रश्न घालावा कीं निबंध तयार. मूळ नाटक न उघडतां त्यावर मत देतां येतें. याचें समर्थन करणारे म्हणतात कीं, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कच्च्या मतापेक्षां पंडिताचें उसनें मत बरें. हा आक्षेप विचारार्ह आहे.

केंब्रिज येथें आय. ए. रिचर्ड्स यांनीं कवींचीं नांवें गाळून कांहीं कविता विद्यार्थ्यांस दिल्या व त्यांचे अभिप्राय मागविले. त्यांची चिकित्सा १९२९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. सुशिक्षित तरुण, पण नांवाचा आधार सुटतांच कित्येक चांचपडले. कोणास सरळ अर्थच लागला नाहीं. कोणीं स्वतःच्या आठवणी कवितेंत ओतल्या. कोणीं ठराविक भावनाच ओकून टाकल्या. यावरून मुलांस तयार मतें पुरवावीं असें अनुमान कोणी काढील. आम्ही उलट म्हणतों. त्या चुका उघड झाल्या म्हणूनच वाचकाचें पाऊल कोठें घसरतें हें गुरूस कळलें. सर्वांनीं गाइडांतून उतरलें असतें, तर उत्तरें निर्दोष आलीं असतीं आणि शिकविण्यासारखें कांहींच दिसलें नसतें.

शिवाय येथें सत्याचाही प्रश्न आहे. रसास्वाद ही एक साक्षच होय. स्वतः न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगणारा साक्षीदार, गोष्ट खरी असली तरी, खोटाच. आपल्या साहित्यशास्त्रानें रसाचा अधिकारी 'सहृदय' मानला. आणि शेजाऱ्याच्या जेवणानें आपली भूक भागत नाहीं, तसें हृदयही मुखत्यारपत्रानें चालत नाहीं. जी कविता वाचलीच नाहीं ती अंतःकरणास भिडली असें गुणांसाठीं लिहिणारा तरुण, न वाटलेलें बोलण्याची संवय लावून घेतो. आणि ती संवय परीक्षेपुरती राहत नाहीं.

भाषा परकी, म्हणून आम्ही मत काय देणार, अशी सबब आपलीं मुलें सांगतात. आगरकरांनीं 'हॅम्लेट' मराठींत आणून 'विकारविलसित' लिहिलें. देवलांनीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचिलें. भाषा त्यांनाही परकीच होती. परंतु दुसऱ्या भाषेंत नेतांना प्रत्येक वाक्याचा निर्णय स्वतःच करावा लागतो. तो उसना मिळत नाहीं.

म्हणून साधनें टाकावीं असें आमचें म्हणणें नाहीं. जें साधन पुन्हां मूळ पानाकडे धाडतें तें मित्र. जें मूळ पानाची गरजच उरूं देत नाहीं तें चोर. कोश व टीपा पहिल्या वर्गांतल्या आहेत. टीकाग्रंथही त्याच वर्गांत बसतील, पण आधीं कविता वाचून आपल्या दोन ओळी लिहाव्या आणि मगच तो उघडावा. अर्थात् एवढ्यानें दोष केवळ विद्यार्थ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. जो परीक्षक प्रामाणिक चुकीस शून्य आणि उसन्या पांडित्यास पैकीच्या पैकीं गुण देतो, तोच या व्यापाराचें पहिलें गिऱ्हाईक होय.