सुप्पांडीचं काय चुकलं?

'टिंकल' या मुलांच्या कॉमिक्सच्या नियतकालिकातला सुप्पांडी १९८३ साली आला. मूळ गोष्टी तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या. पण सुप्पांडीचा काटकुळा बांधा, लांब हातपाय आणि कशाचीच चिंता नसलेला चेहरा ही राम वाईरकरांची करणी. 'अमर चित्र कथे'तला 'कृष्ण' रेखाटणारा हाच हात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नव्या मुंबईच्या सिडको वसाहतींत वाढलेली पिढी सुप्पांडीवर हसत मोठी झाली. त्या विनोदाची रीत ठरलेली: मालक काहीतरी काम सांगतो, सुप्पांडी ते शब्दशः करतो, घोटाळा होतो, मालक कपाळाला हात लावतो.

याच पिढीतले काही जण आता अशा मुलांचे आई-बाप आहेत, ज्यांना "जरा पाच मिनिटं थांब" म्हटलं तर ती घड्याळ लावून थांबतात आणि सहाव्या मिनिटाला रडू लागतात. त्यांनी जुने 'टिंकल' पुन्हा चाळले तर हसू थोडं अडखळावं. घोटाळ्याचं मूळ बहुतेक वेळा मालकाच्या सांगण्यातच सापडतं. मालक अर्धंच बोलतो आणि उरलेलं समोरच्याने ओळखून घ्यावं असं धरून चालतो. सुप्पांडी ओळखत बसत नाही, तो ऐकतो.

सुप्पांडीला एखादं निदान चिकटवायचा माझा विचार नाही. कागदावरच्या पात्रांना वैद्यकीय प्रमाणपत्रं वाटण्याचा उद्योग सध्या जोरात आहे, त्यात भर नको. पण डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली जे मांडलं ते सुप्पांडीच्या पानापानावर आहे. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहे. त्याचं म्हणणं असं, की ऑटिस्टिक माणसाला इतरांच्या मनातलं कळत नाही ही अर्धीच गोष्ट झाली. इतरांनाही त्याच्या मनातलं तितकंच कळत नसतं. गैरसमज दोन्ही बाजूंचा, खापर मात्र एकाच बाजूवर फुटतं. सुप्पांडीच्या गोष्टीतही दोघांची चूक समोर असते, पण शेवटची चौकट बहुधा मालकाची असते. तो वैतागतो, त्याच्या वैतागाबरोबर आपण हसतो आणि पान उलटतो.

आजाराबद्दलची किंवा वेगळ्या घडणीच्या मेंदूबद्दलची चित्रकथा पाहताना म्हणून मी आधी एवढंच बघतो: शेवटची चौकट कोणाला दिली आहे?

आपल्याकडे या विषयावर चित्रं कमी नाहीत. दिवाळी अंक काढून बघा. प्लास्टरमधला पाय छताला टांगलेला, कोचावर आडवा झालेला रुग्ण आणि वहीत काहीतरी भलतंच खरडणारा मानसोपचारतज्ज्ञ, इस्पितळाच्या भिंतीवरून डोकावणारा 'वेडा'. यातली कित्येक चित्रं हस्तकौशल्य म्हणून सुरेख आहेत. पण त्या भिंतीच्या आतून बाहेर बघणारं चित्र शोधायला गेलं तर हाताशी फारसं लागत नाही. "ह्याला ठाण्याला नेऊन सोडा" हा मनोरुग्णालयावरचा विनोद ज्या भाषेत घराघरांत चालतो, तिथे हे ओघानेच आलं. (नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, त्यामुळे आमच्याकडे त्या विनोदाला वेळापत्रकाचीही जोड मिळाली आहे.)

दुसरा ढीग आरोग्य खात्याच्या चित्रांचा. कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलं की ती दिसतातच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीची तपासणी, गोळ्या, आणि शेवटी हसरं चौकोनी कुटुंब. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, चंडीगडच्या पीजीआयमधले रवींद्र खैवाल आणि पंजाब विद्यापीठाच्या सुमन मोर यांनी मुलांसाठी 'किड्स, वायू अँड करोना' हे कॉमिक काढलं. त्यातला वायू हा नायक हात कसे धुवायचे ते सांगतो. अशा चित्रांची गरज असते आणि त्यांनी जीवही वाचतात, ते नाकारण्याचं कारण नाही. पण इथे शेवटची चौकट डॉक्टरची. रुग्णाने ऐकायचं आणि बरं व्हायचं. मधुमेह, अपस्मार, द्विध्रुवीय विकार किंवा ऑटिझम अशा प्रकारे शेवटच्या चौकटीत संपत नाहीत, म्हणून भित्तिचित्र तिथे गप्प बसतं. अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांचं 'मेन्स्ट्रुपीडिया' मराठीतही आलं आहे आणि त्याने मासिक पाळीबद्दलची कुजबूज निदान शाळेच्या वर्गापर्यंत आणली. तरीही सगळं समजावून सांगणारी डॉक्टर ताई त्यातही आहेच.

जगात दुसरीकडे हा रस्ता वेगळ्या टोकाकडून सुरू झाला. अमेरिकेत जस्टिन ग्रीनने १९७२ साली स्वतःच्या मनात घुमणाऱ्या, थांबता न थांबणाऱ्या पापाच्या विचारांवर कॉमिक काढलं. त्याच्या त्या त्रासाचं नाव ओसीडी आहे, हे त्याला बऱ्याच नंतर कळलं. चित्र निदानाच्या आधी आलं. फ्रान्सच्या डेव्हिड बी.ने १९९६ ते २००३ या काळात सहा भागांत आपल्या थोरल्या भावाच्या अपस्माराची कहाणी रेखाटली. त्यात आजार एखाद्या अजस्र सापासारखा घरभर वेटोळी घालतो, जेवणाच्या टेबलाखालून सरकतो, आई-बापांच्या मधून जातो. ते कुटुंब डॉक्टर सोडून पथ्याहाराच्या वसाहतींत जातं, मग मांत्रिक, मग आत्म्यांशी बोलणारे, मग आणखी कोणी. ही पानं मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत. कोणीतरी सांगितलं म्हणून अमुक गावच्या देवाला, मग तमुक वैद्याकडे, मग पुण्याला, मग परत घरी, हा फेरा आपल्याकडे कित्येकांनी घातलेला असतो.

इयन विल्यम्स हा वेल्समधला डॉक्टर. वैद्यकातल्या या चित्रकथांना 'ग्राफिक मेडिसिन' हे नाव त्याने दिलं. त्याचं 'द बॅड डॉक्टर' २०१४ साली आलं. त्यातला खेड्यातला डॉक्टर दिवसभर लोकांना तपासतो आणि आतून स्वतःच ओसीडीने पोखरलेला असतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट वैद्यकीय महाविद्यालयात मायकेल ग्रीन यांनी २००९ साली विद्यार्थ्यांना कॉमिक्स वाचायला आणि काढायलाही लावणं सुरू केलं. आपल्याकडे २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी 'एटकॉम' हा वेगळा भाग आला आहे. नेरूळमध्येच मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या तासांना एखादी चित्रकथा ठेवायला कोणाची परवानगी लागत असेल, असं वाटत नाही.

पण कॉमिकच का? लेख आहे, कविता आहे, सिनेमा आहे. मला दिसणारं कारण तांत्रिक आहे. कॉमिकच्या एका चौकटीत तीन गोष्टी एकाच क्षणी राहू शकतात: माणूस तोंडाने काय बोलतो ते फुग्यात, मनात काय म्हणतो ते ढगाच्या फुग्यात, आणि अंगावर काय घडतंय ते चित्रात. दवाखान्यात या तिन्हींची फारकत झालेली असते. डॉक्टर विचारतात "कसं वाटतंय?" आणि रुग्ण "बरंय" म्हणतो. केसपेपरवर 'बरं' एवढंच लिहिलं जातं. एक्स-रे, ईसीजीची रेघ, सोनोग्राफीचा करडा धूर, बाळाच्या वजनाचा आलेख, सगळी चित्रं रुग्णाचीच असतात आणि त्यातलं एकही त्याने काढलेलं नसतं.

दुसरं कारण वेगाचं. सिनेमा आपल्या वेगाने धावतो. चित्रकथेत दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत किती वेळ थांबायचं, ते वाचणारा ठरवतो. ज्याचा मेंदू आवाज, चेहरा आणि शब्द एकदम पकडू शकत नाही, त्याला तेवढी सवड मिळणं फार मोठं असतं. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९४ साली नेमकं हेच हेरलं. ऑटिस्टिक मुलांशी बोलताना काड्यांची माणसं काढायची, कोण काय बोललं ते एका फुग्यात, कोणाच्या मनात काय होतं ते दुसऱ्या फुग्यात, भावनेला रंग. ही पद्धत आता आपल्याकडच्या थेरपिस्टनाही ठाऊक आहे. वाशीला दिव्यांग मुलांसाठीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे आणि खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र. या दोहोंच्या मध्ये हार्बर लाइनवर पिशवीत चित्रांची कार्डं घेऊन फिरणाऱ्या आया नेरूळ स्टेशनवर सहज दिसतात.

आमच्या सेक्टरमधल्या अशाच एका आईने मुलाला केस कापायला नेण्यासाठी चित्रपट्टी केली होती. जुन्या वहीचं कोरं पान, त्यावर सहा चौकटी: चपला, लिफ्ट, सलूनची खुर्ची, गळ्याभोवतीचं पांढरं कापड, मशीन, आणि शेवटी आइसक्रीम. मशीनच्या घरघरीला मुलगा घाबरतो असं तिला वाटत होतं, म्हणून त्या चौकटीत तिने कानांवर हात ठेवलेला मुलगा काढला होता. पट्टी रोज दाखवायची आणि मुलगा रोज चौथ्या चौकटीपाशी कागद ढकलून द्यायचा. एकदा त्याने पेन ओढून घेतलं आणि कापडाच्या चौकटीवर ठिपकेच ठिपके मारले, कागद फाटेपर्यंत. आईला वाटलं, बिघडवलं सगळं. थोड्या वेळाने उमगलं: न्हावी केस ओले करायला बाटलीतून पाणी फवारतो, ते! भीती मशीनची नव्हतीच. मानेवर अचानक पडणाऱ्या थेंबांची होती. पुढच्या खेपेला घरूनच केस ओले करून नेले.

तज्ज्ञांच्या लेखी ती पट्टी मुलाला वळण लावण्याचं साधन होती. ते ठिपके पडल्यावर मुलगाही सांगणारा झाला. मला कॉमिक्सची सगळी शक्यता त्या फाटक्या चौकटीत दिसते. ग्राफिक मेडिसिनच्या परिषदांमधून एवढं नेमकं क्वचितच ऐकायला मिळत असेल.

'तारे जमीन पर' (२००७) आठवा. त्यात बोर्डिंगच्या शाळेत धाडला जाणारा ईशान एक पानं उलटवायची वही करतो: पानं भरभर सोडली की घरच्यांपासून एक छोटी आकृती लांब लांब जात नाहीशी होते. अमोल गुप्तेंच्या पटकथेतला तो सर्वांत जाणता क्षण. ते एका मुलाचं चित्र आहे आणि त्याची शेवटची चौकट त्याचीच, रिकामी. पुढे सिनेमाला मात्र धीर धरवत नाही. चित्रस्पर्धा होते, मुलगा जिंकतो आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. स्पर्धा न जिंकणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न थिएटरातच राहतो.

मराठीत आजाराबद्दल लिहिण्याची परंपरा दांडगी आहे. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' घरोघरी पोचलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई', 'अस्तु', 'कासव' या चित्रपटांतून स्किझोफ्रेनिया, अल्झायमर आणि नैराश्य यांच्याकडे आदराने बघायला शिकवलं. अनिल अवचट तर डॉक्टर, लेखक आणि हाताशी कायम पेन ठेवून रेघा काढणारा माणूस. त्यांनी 'गर्द' लिहिलं, पत्नी सुनंदाताईंबरोबर १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पुढे त्यांच्या कॅन्सरबद्दलही लिहिलं. चित्रकथेला लागणारं सगळं एकाच माणसाकडे होतं आणि तरी त्यांची चित्रं एका बाजूला, आजाराचं लेखन दुसऱ्या बाजूला राहिलं. याचा दोष त्यांना देता येत नाही. आपल्याकडे गंभीर गोष्ट अक्षरात आणि गमतीची गोष्ट चित्रात, अशी वाटणी फार आधी झाली. शि. द. फडणीसांची चित्रं शाळेच्या गणिताच्या पुस्तकात आली आणि आकड्यांची धास्ती थोडी उतरली, हे पाहूनही ती वाटणी मोडली नाही.

खरी अडचण मात्र घरात आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आल्या. कागदावर सवलती वाढल्या. सोसायटीत मात्र अजून बोललं जात नाही, कारण घरात मोठी मुलगी लग्नाची आहे. "उद्या स्थळ आलं तर?" या एका वाक्यापुढे कायद्याचं काही चालत नाही. इथे चित्रकथेकडे एक सोय आहे, जी मुलाखतीकडे किंवा आत्मचरित्राकडे नाही. रेखाटलेला चेहरा कोणाचाच फोटो नसतो. काड्यांच्या माणसाला सेक्टर नंबर लागत नाही. आतलं सगळं खरं सांगून बाहेरचं सगळं झाकता येतं.

याच सोयीत एक धोकाही आहे. डेव्हिड बी.ने भावाला झटका आलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा काढलं. भावाला ते चालणार होतं का? जपानमध्ये केइको तोबे यांनी 'विथ द लाइट' ही ऑटिस्टिक मुलाच्या आईची मंगा वर्षानुवर्षं चालवली. सासू सुनेलाच बोल लावते, शेजारी तोंड फिरवतात, हे त्यात इतकं ओळखीचं आहे की नावं बदलली तर ते डोंबिवलीत घडावं. २०१० साली तोबे गेल्या आणि ती अपुरी राहिली. पण तीही आईची गोष्ट आहे, मुलाची नव्हे. सांभाळणाऱ्याचा थकवा खरा असतो आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. फक्त तो सांगताना ज्याला सांभाळतो आहोत त्याचा सुप्पांडी व्हायला वेळ लागत नाही. आईने काढलेल्या पट्टीवर मुलाला पेन चालवता येईल, एवढी जागा चित्रकर्त्याने ठेवावी. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत ते कसं साधायचं याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, आणि आपल्याकडे ते आहे असं जे म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही.

"आम्हाला चित्र कुठे येतं?" ही तक्रार बाजूला ठेवता येईल. दिल्लीच्या शरद शर्मांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने गावोगावच्या, कधी चित्र न काढलेल्या माणसांना चार चौकटींची काळीपांढरी कॉमिक्स काढायला शिकवलं: दोन कागद जोडायचे, झेरॉक्स काढायची, भिंतीवर चिकटवायची. नेरूळ स्टेशनबाहेर झेरॉक्सची दुकानं हवी तेवढी आहेत. दिवाळी अंकांचे संपादक मानसिक आरोग्यावर दरवर्षी परिसंवाद घेतात, चार डॉक्टर आणि दोन समुपदेशक लिहितात. त्यातली आठ पानं एखाद्या व्यंगचित्रकाराला आणि एखाद्या रुग्णाला मिळून द्यावीत, मानधन दोघांनाही द्यावं, आणि शेवटची चौकट कशी असावी याबद्दल संपादकाने काहीही सुचवू नये.