बाबेलमध्ये बाग लावा

वाचन : यिर्मया २९:१-१४



यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी चांगलेच आहे आणि तो आपल्याला आशा देणार आहे, हे अभिवचन आपण परीक्षेला जाणाऱ्या मुलांना पाठवतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचतो. पण हे वचन एका पत्रातले आहे. ते पत्र कोणाला लिहिले होते हे आज आपण पाहू या.

ख्रिस्तपूर्व ५९७ च्या सुमारास नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेममधून राजा यखन्या, सरदार, कारागीर आणि लोहार यांना बंदिवान करून बाबेलला नेले. घर सुटले, मंदिर दूर राहिले, कानावर परकी भाषा पडू लागली. सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता : आपण परत कधी जाणार? त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेममध्ये सांगत होता की, दोन वर्षांत सगळे परत येतील. ऐकायला किती गोड! पण तो संदेश देवाचा नव्हता. यिर्मयाने पत्रात लिहिले : ७० वर्षे लागतील.

याचा अर्थ काय? पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपले गाव पुन्हा पाहणार नव्हते. मग त्यांच्या आयुष्याला काय उद्देश उरला? देवाने तो त्याच पत्रात सांगितला : तिथेच घरे बांधा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलाबाळांनी वाढा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपल्याला उचलून आणले, त्यांच्याच शहरासाठी! ते ७० वर्षांचे वाट पाहणे देवाच्या योजनेबाहेर नव्हते.

प्रियांनो, आपण देवाची इच्छा शोधतो तेव्हा बहुधा पुढचा सगळा रस्ता आधी दिसावा असे आपल्याला वाटते. कोणती नोकरी, कोणते शहर, कोणाशी लग्न. ते कळेपर्यंत आपण थांबून राहतो. सीएचा निकाल पुन्हा तसाच लागला किंवा बदली होऊन परराज्यात जावे लागले की वाटते, आपले आयुष्य चुकीच्या जागी अडकले. पण देव आधी विचारतो, आज जिथे आहेस तिथे तू काय लावतो आहेस?

पंडिता रमाबाईंच्या जीवनात हे दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. या दुःखांचे कारण आपण सांगू शकत नाही आणि सांगूही नये. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. आठ वर्षांनी काय होणार हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी समोर असलेल्या विधवा मुलींना शिकवले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा मध्य प्रांतातील शेकडो उपाशी मुलींना आणण्यासाठी हात तयार होते आणि पुण्याजवळ केडगावला जागाही होती. स्वतः भूक सोसलेल्या स्त्रीने त्यांना जवळ घेतले.

देवाच्या इच्छेवर भरवसा ठेवणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. आणि दुःख होत नाही असे दाखवणेही नव्हे. गेथशेमाने बागेत आपला प्रभू व्याकूळ झाला, प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली, आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. आपणही रडून मागू शकतो. पुत्राचे रडणे ऐकणारा पिता आपलेही ऐकतो.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. ज्या गल्लीत, वसतिगृहात किंवा ऑफिसमध्ये देवाने आपल्याला ठेवले आहे, तिथल्या माणसांची नावे घेऊन रोज प्रार्थना करू या; ज्याच्याशी पटत नाही त्याचेही नाव घेऊ या. "पुढे बघू" म्हणून ठेवलेले एक चांगले काम आजच सुरू करू या. आणि कोणी अमुक महिन्यात तुमचे काम होईलच असे सांगितले, तर हनन्याची आठवण ठेवून ते पवित्र शास्त्रावर पारखून पाहू या.

कदाचित आपण लावलेल्या झाडाची फळे आपली मुले किंवा अनोळखी माणसे खातील. तरी ते लावणे व्यर्थ नाही, कारण ७० वर्षे देवाच्या हातात आहेत आणि आजचा दिवसही.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, पुढचे आम्हाला दिसत नाही, पण तू दिसतोस तेवढे पुरे आहे. तू ठेवले आहेस त्या जागेवर प्रेम करायला आम्हाला शिकव. जे वाट पाहून थकले आहेत त्यांना धीर दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.